नागपूरच्या उन्हाळ्यासाठी कॅबिनेट : एका घरगुती संगणकाचे प्रकरण

माझी भाची नागपूरला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून तिने स्वतः जुळवलेला संगणक गेल्या मे महिन्यात दुपारी रेंडर करताना, म्हणजे आराखड्यावरून खऱ्यासारखे दिसणारे चित्र तयार करताना, अडखळू लागला. सकाळी ७ वाजता २५ मिनिटांत पूर्ण होणारे दृश्य दुपारी ३ वाजता ३५ मिनिटे घेत असे, आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी तर यंत्र मधेच बंद पडले. दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा सल्ला दिला. तिने मला फोन करून विचारले, “मामा, तीस हजारांचं नवं कार्ड घ्यायचं का?” मी तिला आधी खोलीचे फोटो पाठवायला सांगितले. त्या फोटोंत टेबल होते, पडदा होता, खिडकीतला कूलर होता, पण संगणक कुठे दिसत नव्हता. भाऊजींनी सुताराकडून हौसेने करून घेतलेल्या टेबलाच्या उजव्या कप्प्यात, सनमायका लावलेल्या दाराआड, तो बंद होता.

कार्डाच्या प्रश्नापासून सुरू झालेला हा विषय शेवटी कॅबिनेटवर येऊन ठरला. घरी संगणक जुळवणारे बहुतेक जण कॅबिनेट सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि रूप पाहून घेतात. आपल्याकडे ज्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हटले जाते, ती केवळ पेटीच आहे अशी त्यामागची समजूत असते. माझे मत नेमके उलटे आहे. आतल्या प्रत्येक भागाला किती गरम हवेत काम करावे लागेल हे कॅबिनेट आणि ते जिथे ठेवले आहे ती जागा मिळून ठरवतात, म्हणून कॅबिनेटची निवड दुकानातल्या फळीपासून सुरू न होता खोलीपासून सुरू झाली पाहिजे.

यंत्रात रायझन ७ ५७००एक्स हा प्रोसेसर, मायक्रो-एटीएक्स या लहान आकाराचा मदरबोर्ड, १२ जीबी स्मृतीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), फाइली साठवणारी एक वेगवान एसएसडी आणि प्रकल्पांच्या जुन्या फाइलींसाठी साडेतीन इंची हार्ड डिस्क एवढे होते. कॅबिनेट त्या वर्षी सर्वत्र दिसणाऱ्या धाटणीचे होते : पुढे अखंड काच, काचेमागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे, डाव्या बाजूला आणखी एक काच. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना हवेसाठी उभ्या फटी होत्या. तिने फूटपट्टीने मोजून कळवले की प्रत्येक फट सुमारे १ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे.

या मापावरच थोडे थांबायला हवे. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याची पाती ज्या वर्तुळात फिरतात त्यातून मधला मोटरचा भाग वजा केला, तर हवेसाठी सुमारे १०० चौरस सेंटिमीटर जागा उरते. तीन पंख्यांना मिळून ३०० चौरस सेंटिमीटर हवेत. दोन फटी मिळून होतात ८०. त्यातही आत धुळीची जाळी, आणि जाळीवर दोन वर्षांची धूळ. म्हणजे तीन पंखे एका पंख्याच्या तोंडाहूनही लहान फटींतून श्वास घेण्याची धडपड करत होते. पंख्याच्या खोक्यावर मिनिटाला ५०–६० घनफूट असा आकडा छापलेला असतो, पण तो समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. चिंचोळ्या फटीमागे बसलेला पंखा आवाज तेवढाच करतो आणि हवा मात्र फार थोडी ढकलतो.

आता उष्णतेचा हिशेब. संगणक जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी उष्णता होऊन त्याच खोलीत सांडते. आरटीएक्स ३०६० ची कमाल मर्यादा १७० वॅट, प्रोसेसरची ७६ वॅट, आणि बाकीचे भाग व एसएमपीएसमधील तूट धरून एकूण ३०० वॅट हा आकडा मी वरच्या मर्यादेचा म्हणून घेतला. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला साधारण १.१ किलोज्यूल लागतात. कॅबिनेटमधून मिनिटाला १ घनमीटर हवा वाहत असेल, तर ३०० वॅट बाहेर नेताना ती हवा सुमारे १६ अंशांनी तापते, आणि मिनिटाला ३ घनमीटर वाहत असेल तर साडेपाच अंशांनी. पुण्यात जानेवारी महिन्यात २२ अंशांच्या खोलीत या दहा अंशांच्या फरकाने कोणाचे काही बिघडत नाही. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४४–४५ वर आणि कूलर चालू असूनही खोलीत ३४ अंश असतात, तेव्हा पहिल्या हिशेबाने आतली हवा ५० अंशांवर जाते आणि दुसऱ्या हिशेबाने ती ४० च्या आत राहते. प्रोसेसर आणि कार्ड स्वतःला सांभाळून घेतात, वेग उतरवतात. हार्ड डिस्कला तशी सोय नाही. तिची मर्यादा साधारण ६० अंशांची असते आणि तिच्यात या मुलीचे तीन वर्षांचे काम होते.

नवे काही विकत घेण्याआधी तपासणी करायची असे आम्ही ठरवले. एकाच दृश्याचे रेंडर सलग ४० मिनिटे चालवायचे, खोलीचे तापमान घरातल्या साध्या थर्मामीटरने नोंदवायचे आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. खोलीत ३४ अंश असताना, कप्प्यात बंद दाराआड, कार्ड ८४ अंशांवर गेले आणि हार्ड डिस्क ५७ वर. हे कार्ड ८३ अंशांच्या आसपास आपला वेग कमी करू लागते, त्यामुळे १० मिनिटे का वाढत होती ते इथेच समजले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी यंत्र कप्प्याबाहेर काढून जमिनीवर ठेवले, तेव्हा कार्ड ७७ आणि डिस्क ४९. तिसऱ्या दिवशी कॅबिनेटची पुढची काच चौकटीसकट खेचून काढली, बाकी सगळे तसेच ठेवले. कार्ड ७१, डिस्क ४४.

या तीन दुपारच्या नोंदींनी कार्डावरचा संशय दूर केला. १३ अंशांपैकी ७ अंश सुताराच्या कप्प्याचे होते आणि ६ अंश काचेच्या तोंडाचे. कप्प्याला मागच्या बाजूला वायरींसाठी बांगडीएवढे एक भोक होते, तेवढीच काय ती हवेची वाट. मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा प्लायवूडवर आपटून बाजूने पुढे येत होती आणि तीच पुन्हा आत ओढली जात होती. अशा ठिकाणी बाजारातले सर्वोत्तम कॅबिनेट ठेवले असते तरी ते हरलेच असते. यंत्र मधेच बंद पडण्याचे नेमके कारण मात्र मला सिद्ध करता आले नाही. एसएमपीएसने तापल्यामुळे स्वतःला बंद करून घेतले असावे असा माझा अंदाज आहे, कारण कप्प्याबाहेर आल्यावर तसे पुन्हा घडले नाही.

भाऊजींना हे पटवणे हा या प्रकरणातला नाजूक भाग होता. टेबल त्यांनी लेकीसाठी मन लावून करून घेतले होते, आणि कप्पा त्यांनी दिखाव्यासाठी मागितला नव्हता. त्यांची भीती धुळीची होती, फरशी पुसताना लागणाऱ्या पाण्याची होती, आणि सर्वांत जास्त कूलरच्या दमट हवेची होती. “उघड्यावर ठेवलं तर चार महिन्यांत गंज चढेल,” असे ते म्हणाले. या तीनही शंका रास्त होत्या, म्हणून नव्या कॅबिनेटच्या अटी मी त्यांच्याच शंकांमधून काढल्या.

दमटपणाचे उत्तर त्यातल्या त्यात सोपे आहे. हवेतली वाफ हवेपेक्षा थंड असलेल्या पृष्ठभागावर जमते. माठाला बाहेरून पाणी सुटते ते त्याच्या मातीतून पाझरते, पण फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटते ते असे हवेतून येते. चालू संगणकातला कोणताही भाग खोलीपेक्षा थंड नसतो, त्यामुळे त्याच्यावर दव जमत नाही. खरा धोका वेगळा आहे. कूलरच्या ताट्या पूर्ण भिजल्या की पंखा बारीक थेंब फेकतो, आणि बोअरच्या जड पाण्याचा थेंब सुकला की क्षार मागे राहतो. मी तिला मॉनिटरची खालची कड टॉर्च लावून पाहायला सांगितले. तिथे मोहरीच्या दाण्याहून बारीक, पांढरे, नखाने खरवडल्याशिवाय न निघणारे ठिपके होते. टेबल कूलरच्या सरळ झोतात होते! तेच ठिपके मदरबोर्डवर पडू द्यायचे नाहीत, म्हणजे कॅबिनेट झोताच्या रेषेतून बाजूला, खिडकीच्याच भिंतीलगत ठेवायचे हे तेव्हा ठरले. फरशीच्या पाण्यासाठी ताईने माळ्यावरचा जुना पाट काढून दिला. पाटामुळे उंची मिळाली आणि कॅबिनेटच्या स्वतःच्या पायांमुळे तळाच्या जाळीखाली बोटभर जागाही राहिली, कारण एसएमपीएस आपली हवा तळातूनच घेतो.

धुळीचा प्रश्न थेट निवडीवर परिणाम करणारा होता. आत हवा ढकलणारे पंखे जास्त आणि बाहेर काढणारे कमी असतील, तर पेटीतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो, आणि सांध्यांतून, यूएसबीच्या खाचांतून, मागच्या पट्ट्यांच्या फटींतून हवा बाहेर जाते. याउलट बाहेर काढणारे पंखे जास्त असतील तर प्रत्येक फट धूळ ओढते आणि त्या फटींना जाळी नसते. म्हणून पुढे तीन पंखे आत, मागे एक बाहेर, अशी मांडणी हवी होती, आणि त्या तीन पंख्यांसमोरची जाळी यंत्र न हलवता, पेचकस न वापरता निघाली पाहिजे ही अट मी सर्वांत वर ठेवली. जी जाळी काढायला कॅबिनेट आडवे करावे लागते ती जाळी वर्षातून एकदाच धुतली जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

यानंतर मापे. एटीएक्स हे मदरबोर्डच्या मापांचे मानक इंटेलने १९९५ मध्ये आणले आणि मदरबोर्डच्या भोकांच्या जागा तेव्हापासून मूलतः त्याच राहिल्या आहेत. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. त्यामुळे चांगले कॅबिनेट आतले सगळे भाग दोन-तीनदा बदलले तरी टिकते, आणि त्यावर दोन हजार जास्त खर्च करणे मला कधीच उधळपट्टी वाटत नाही. तिच्या कार्डाची लांबी ३०२ मिलिमीटर होती आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची १५५. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा म्हणून कंपन्या जो आकडा छापतात तो पुष्कळदा पुढचे पंखे न बसवता मोजलेला असतो. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर, ती त्यातून वजा करावी लागते. त्या हिशेबाने छापील मर्यादा किमान ३३० हवी. कूलरच्या बाबतीत १६० पुरले असते, पण कार्डाच्या कडेतून निघणारी विजेची जाड केबल काचेवर दाबली जाऊन मुडपू नये म्हणून मी १६५ च्या खालचे सगळे पर्याय बाजूला ठेवायला सांगितले.

सीताबर्डीतल्या दुकानातून तिने तीन पर्याय निवडून आणले. पहिले पुन्हा काचेच्याच तोंडाचे, पण बाजूने हवा घेणारे; किंमत ४,२०० रुपये. ते दिसायला सुरेख होते आणि तिला मनापासून आवडलेही होते. बाजूच्या खिडक्या मोठ्या होत्या हे खरे, पण हार्ड डिस्कचा पिंजरा त्याच खिडकीला चिकटून होता आणि जाळी आतून स्क्रूने बसवलेली होती. ते गळाले. दुसरे मायक्रो-एटीएक्सचे आटोपशीर कॅबिनेट, चारही बाजूंनी जाळीचे, सुमारे ३३ लिटरचे, किंमत ९,००० च्या वर. पुढच्या वर्षी तिला प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचे असल्याने लहान आकाराचा मोह होता आणि मलाही तो बराच वेळ सुटला नाही. पण त्यात पंखे वेगळे घ्यावे लागणार होते, आणि तळातून हवा घेण्याची त्याची रचना जमिनीलगतच्या धुळीला आमंत्रण देणारी होती. धूळ कमी असलेल्या, वातानुकूलित खोलीसाठी मी तेच निवडले असते.

तिसरे साध्या घडणीचे मिड-टॉवर, म्हणजे मध्यम उंचीचे कॅबिनेट : पुढे पूर्ण पत्र्याची जाळी, तीन पंखे पुढे आणि एक मागे आधीच बसवलेले, कार्डाची मर्यादा ३६०, कूलरची १७०, किंमत ६,४०० रुपये. जाळी सुमारे २० बाय ४२ सेंटिमीटरची. तिचा निम्मा भाग पत्र्याने व्यापलेला धरला तरी ४०० चौरस सेंटिमीटर मोकळे राहतात, आधीच्या फटींच्या पाचपट. मी तिला दुकानातच दोन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. एक, पुढचा भाग खालच्या खाचेत हात घालून एका ओढीत निघतो का; तो निघाला आणि मागची बारीक जाळी चुंबकाने धरलेली होती. दुसरे, मागच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून चौकट तिरपी दाबून पाहणे. पातळ पत्र्याची चौकट अशा वेळी समोसा दाबल्यासारखी वाकते आणि मग कार्डाचा स्क्रू कधीच भोकासमोर येत नाही. ही चौकट हलली नाही. याही कॅबिनेटला डाव्या बाजूला काच होती. ती मी अमान्य केली नाही. ती हवेच्या वाटेत येत नाही आणि आतले दिवे दिसावेत ही तिची इच्छा काही गैर नाही. फक्त एक ताकीद दिली की काढलेली काच फरशीवर उभी टेकवायची नाही, गोधडीवर आडवी ठेवायची. टणक केलेली काच सपाट दाब सोसते, पण तिच्या कडेला किंवा कोपऱ्याला सिरॅमिकच्या फरशीचा टणक कण टोचला तर क्षणात तिचा चुरा होतो.

जुळवणी तिने एकटीने केली, मी फोनवर होतो. एकाच ठिकाणी ती अडली आणि ते ठिकाण सांगण्याजोगे आहे. कॅबिनेटमध्ये बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे नऊ पितळी स्टँडऑफ पूर्ण एटीएक्सच्या मापाने बसवलेले होते. मायक्रो-एटीएक्स बोर्ड त्यावर ठेवल्यावर वरच्या दोन ओळी जुळल्या आणि बोर्डची खालची कड मात्र अधांतरी राहिली, कारण स्टँडऑफची तिसरी ओळ बोर्डच्याही खाली होती. “सहा स्क्रू लागले, पुरतील ना?” असे तिने विचारले. पुरले नसते. त्याच खालच्या कडेवर पॉवर बटणाच्या आणि यूएसबीच्या पिना दाबून बसवाव्या लागतात. आधार नसेल तर प्रत्येक दाबाला बोर्ड वाकतो आणि आतले बारीक तांब्याचे मार्ग तडकू शकतात. सोबत आलेल्या नळीसारख्या पान्याने तिने खालच्या ओळीतले स्टँडऑफ काढून वरच्या ‘एम’ खुणेच्या भोकांत हलवले. एकही जादा स्टँडऑफ बोर्डखाली नको, नाहीतर तो भलत्याच जागी टेकून शॉर्ट होतो, म्हणून बोर्ड पुन्हा ठेवण्याआधी तिने मला फोटो पाठवला आणि आम्ही दोघांनी स्टँडऑफ मोजले.

खोलीत ३४ अंश असतानाच्या पुढच्या दुपारी तेच दृश्य पुन्हा ४० मिनिटे चालवले. कार्ड ६९, हार्ड डिस्क ४२. काच काढलेल्या जुन्या कॅबिनेटपेक्षा हा फरक जेमतेम २ अंशांचा आहे, आणि ज्यांना आज खर्च करायचा नाही त्यांनी जुन्या काचेच्या जागी साधी जाळी ताणून बसवली तरी बहुतेक लाभ पदरात पडेल हे मी प्रामाणिकपणे सांगेन. इथे नवे कॅबिनेट घेतले ते धुण्याजोगी जाळी आणि पुढच्या बोर्डाची सोय यांसाठी. रेंडर २५ मिनिटांत झाले. जाळीतून आवाज काचेपेक्षा मोकळेपणाने बाहेर येतो, पण पंखे आता निम्म्या वेगाने फिरत असल्याने रात्री शेजारच्या खोलीत काही ऐकू जात नाही असे ताईने सांगितले.

चार दिवसांनी मात्र ताईचाच फोन आला. पाटावरचे कॅबिनेट पुसताना मागच्या उघड्या पत्र्याला ओला हात लागला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. यात नव्या कॅबिनेटचा काही दोष नव्हता. एसएमपीएसच्या आत विजेतले अनावश्यक तरंग गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतून धातूच्या पेटीला जोडलेले असतात, आणि त्यातून येणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाणे अपेक्षित असते. अर्थिंग नसेल तर पेटीवर घरातल्या विजेच्या दाबाच्या सुमारे निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह क्षीण असल्याने एरवी तो जाणवतो एवढेच, पण आत खरा बिघाड झाला तर तीच पेटी जिवावर बेतू शकते. दोन वर्षे यंत्र लाकडी कप्प्यात असल्याने कोणाचा हात त्याला लागलाच नव्हता. त्या भिंतीतल्या बोर्डला तिसरी पिन होती, पण तिच्या मागे तारच जोडलेली नव्हती. मी त्याच क्षणी संगणकाचा प्लग काढायला लावला आणि वायरमन येईपर्यंत तो पुन्हा लावू दिला नाही. त्याने मुख्य बोर्डपासून हिरवी तार ओढून दिली, टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांमध्ये धरून दाखवला, आणि मगच भाचीने सबमिशनचे राहिलेले दोन व्ह्यू रेंडरला लावले.

रिकामा झालेला कप्पा भाऊजींनी दार काढून तिच्या शीट्सच्या गुंडाळ्यांसाठी दिला आहे. जाळी धुण्याची तारीख ताई दर १५ दिवसांनी कालनिर्णयवर लिहिते, कूलरच्या ताट्या बदलण्याच्या तारखेशेजारी.